नको असलेल्या नोकरीच्या मुलाखतीला जावे का?

वाळूजमधल्या एखाद्या कंपनीत लेखी परीक्षा झाली, टेक्निकल राऊंडही बरा गेला. मग कुणाकडून तरी कळले की जागा ऑन रोल नाही, ठेकेदारामार्फत आहे. किंवा जाहिरातीत क्वालिटी विभाग लिहिला होता आणि प्रत्यक्षात प्रॉडक्शन लाइनवर उभे राहायचे आहे. किंवा असे काहीच कळले नाही, नुसते तासभर तिथे बसल्यावर मन म्हणाले, इथे नको. दुसऱ्या दिवशी एचआरचा फोन येतो, ‘शुक्रवारी अकराला फायनल राऊंड आहे, येताय ना?’ आणि तोंडून ‘हो सर’ निघून जाते. घरी वडील म्हणतात, मिळतेय तर सोडू नको. मित्र म्हणतात, जाऊन तर ये, प्रॅक्टिस होईल. आई काही म्हणत नाही, पण तिने शेजारी सांगून ठेवलेले असते. शुक्रवार जवळ येतो तसा पोटात गोळा येतो.

छत्रपती संभाजीनगरात दरवर्षी हजारो मुले-मुली या अवस्थेतून जातात. पैठण, कन्नड, सिल्लोड, वैजापूर, शेजारच्या जालना-बीडमधून शिकायला आलेली, सिडको-हडकोत खोली करून राहणारी. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या पालकांसाठी हे लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. ज्याच्या उत्तराने तुमचा निर्णय फिरू शकेल असा एक जरी प्रश्न शिल्लक असेल, तर मुलाखतीला जा. तसा प्रश्न उरलाच नसेल, तर जाऊ नका आणि त्याच दिवशी कळवा. मधला मार्ग, म्हणजे जायचे पण मनाने नाही, किंवा जायचे नाही पण कळवायचेही नाही, हा सगळ्यात वाईट.

पण त्याआधी आपले ‘नको’ तपासून बघायला हवे. मराठवाड्यातल्या मुलांच्या बाबतीत मला हे फार महत्त्वाचे वाटते, कारण पुष्कळदा नको असते ती मुलाखत, नोकरी नव्हे. गंगापूर तालुक्यातली एक मुलगी, मेकॅनिकल डिप्लोमा झालेली, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या दुसऱ्या फेरीला जायला तयार नव्हती. ‘दिवसभर उभे राहून पार्ट मोजायचे, त्यात काय शिकणार,’ असे तिचे म्हणणे. बोलता बोलता खरे कारण बाहेर आले. पहिल्या फेरीत साहेबांनी तिच्यासमोर एक ड्रॉइंग सरकवले होते आणि विचारले होते, हे फर्स्ट अँगल की थर्ड अँगल? मग हातात मायक्रोमीटर देऊन लीस्ट काउंट विचारला. ०.०१ मिलिमीटर हे उत्तर तिला पाठ होते, पण सगळे इंग्रजीतून चालले होते आणि तिची जीभ जड झाली. पुन्हा तेच होईल या भीतीने तिने त्या नोकरीला नाव ठेवले होते. पार्ट मोजण्याबद्दल तिची खरी तक्रार काहीच नव्हती. डिप्लोमाला असताना तिला मेट्रॉलॉजीची लॅब सगळ्यात जास्त आवडायची.

अशा वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारावा. या कंपनीने मुलाखत न घेता उद्या सरळ ऑफर लेटर हातात दिले, तर मी जॉइन होईन का? उत्तर ‘हो’ आले तर तुम्हाला नोकरी हवी आहे, मुलाखतीची भीती वाटते आहे. मग जायलाच हवे. अडलेल्या प्रश्नाला ‘सर, मराठीत सांगू का?’ असे विचारायला हरकत नाही. शॉप फ्लोअरवर सगळा कारभार मराठी-हिंदीतच चालतो हे समोरच्याला चांगले माहीत असते. उत्तर ‘नाही’ आले, तर मात्र आपले नको खरे आहे, त्याचा मान ठेवा.

आणि उत्तर ‘सांगता येत नाही’ असे आले तर? तर माहिती कमी आहे. पण ती मिळवायला दरवेळी अर्धा दिवस आणि रिक्षाचे पैसे घालवायची गरज नसते. फायनल राऊंडचा फोन आला की त्याच फोनवर विचारता येते. जागा कंपनीच्या रोलवर आहे की ठेकेदारामार्फत? कायम होण्याची काही पद्धत ठरलेली आहे का? शिफ्ट कोणत्या, आणि सेकंड शिफ्ट सुटल्यावर घरी सोडायला बस कुठपर्यंत येते? मुलींनी आणि त्यांच्या घरच्यांनी हा शेवटचा प्रश्न बिनदिक्कत विचारावा, त्यात अवघडण्यासारखे काही नाही. पगाराचे विचारताना ‘सीटीसी किती’ यावर थांबू नका, ‘हातात किती पडतात’ हे विचारा. सीटीसीमध्ये कंपनीचा पीएफचा वाटा धरलेला असतो, बहुतेक ठिकाणी ग्रॅच्युइटीही धरतात, शिवाय तुमचा स्वतःचा बारा टक्के पीएफ पगारातून कापला जातो. तीन लाखांचे पॅकेज म्हणजे महिन्याला पंचवीस हजार हातात, असा हिशेब करून घर भाड्याने घेणारी मुले पहिल्याच पगाराला हिरमुसतात. ओव्हरटाइम किती असतो तेही विचारा; कायद्याने त्याचा दर दुप्पट आहे.

बाँडचा प्रश्न तर ऑफर येण्याआधीच विचारावा. ‘बाँडला काही अर्थ नसतो, कोर्टात टिकत नाही,’ असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. ते अर्धवट आहे. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करायला मनाई करणारी अट भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही, हे बरोबर. पण ठरावीक मुदतीच्या आत सोडल्यास पैसे भरा, ही वेगळी अट आहे. विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली. ते प्रकरण सरकारी बँकेचे होते आणि भरतीवर झालेला खर्च न्यायालयाने लक्षात घेतला. प्रत्येक छोट्या कारखान्याचा बाँड त्यामुळे आपोआप खरा ठरत नाही. त्याच करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारातली रक्कम ही वरची मर्यादा असते, त्याच्या आत वाजवी भरपाई किती ते कोर्ट ठरवते. तरीही, मन नसलेल्या जागेवर दोन-तीन वर्षांच्या बाँडवर सही करणे म्हणजे आपणच आपल्या पायात बेडी घालून घेणे. मूळ प्रमाणपत्रे कंपनीत जमा करायला सांगत असतील, किंवा डिपॉझिट, ट्रेनिंग फी, युनिफॉर्म अशा नावाखाली नेमणुकीआधी पैसे मागत असतील, तर तिथे विचार करत बसू नका. उठा आणि निघा.

आता मित्रांचा सल्ला घेऊ : जाऊन ये, प्रॅक्टिस होते. पहिल्या फेरीपुरते हे मला मान्य आहे. पूल कॅम्पसला शंभर-दीडशे मुले बसलेली असतात, ॲप्टिट्यूड टेस्ट असते, ग्रुप डिस्कशन असते. तिथे तुमच्या असण्याने कुणाचे नुकसान होत नाही आणि तुम्हाला अंदाज येतो. नोकरी हवी की नको हे त्या टप्प्यावर ठरलेलेही नसते. पण शेवटच्या फेरीला तीन-चार उमेदवार असतात. प्लांट हेड लाइन सोडून आलेले असतात. आणि चार जणांतली तुमची खुर्ची म्हणजे पाचव्याची गेलेली संधी असते. तो पाचवा कदाचित तुमच्याच वर्गातला असतो, ज्याला ही नोकरी मनापासून हवी होती.

दुसरे असे, की ही प्रॅक्टिस फारशी कामालाही येत नाही. जी नोकरी नको असते तिच्या मुलाखतीत माणूस निवांत असतो. हातपाय गार पडत नाहीत, आवाज फुटत नाही असे होत नाही. खरी अडचण असते ती हवी असलेली नोकरी समोर असताना, आणि तिची तालीम नको असलेल्या ठिकाणी होत नाही. त्यापेक्षा कॉलेजमधून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या, आज शेंद्रा किंवा चिकलठाण्यात नोकरी करणाऱ्या सीनियरला रविवारी गाठा. त्याला सांगा, तुझ्या कंपनीत मला काय विचारले असतेस ते विचार, आणि चुकले की टोक. ही मंडळी आनंदाने वेळ देतात, कारण त्यांनाही कुणीतरी असेच टोकलेले असते.

एक प्रकार मात्र कुठल्याही परिस्थितीत करू नये. कॉलेजमध्ये ‘एक विद्यार्थी, एक नोकरी’ असा नियम असतो. एकदा निवड झाली की पुढच्या कंपन्यांना बसता येत नाही, किंवा बरेच मोठे पॅकेज असेल तरच बसू देतात. म्हणून मुले शेवटच्या फेरीत मुद्दाम चुकीची उत्तरे देतात, की निवड होऊ नये आणि नावही राहावे. प्लेसमेंट ऑफिसर रागावतील या धाकापोटी हे होते, हे मी समजू शकतो. तरी करू नका. समोरच्या कागदावर तुमच्या नावापुढे ‘बेसिक कच्चे’ अशी नोंद होते, आणि ती नोंद करणारा माणूस दोन वर्षांनी तुम्हाला हव्या असलेल्या कंपनीत मॅनेजर होऊन बसलेला असू शकतो.

आपल्या शहरात हे फार शक्य आहे. चिकलठाणा आणि रेल्वे स्टेशनची जुनी एमआयडीसी, १९८५ मध्ये बजाजचा कारखाना आल्यावर वाढलेले वाळूज, २००१ मध्ये स्कोडा आल्यावर नाव झालेले शेंद्रा. एका मोठ्या कारखान्याभोवती सुटे भाग पुरवणारे कितीतरी छोटे-मध्यम कारखाने उभे राहिले आणि माणसे त्यांच्यातच इकडून तिकडे फिरत राहिली. आजचा क्वालिटी हेड काल शेजारच्या व्हेंडरकडे होता. मालक मंडळी ‘सीएमआयए’ आणि ‘मसिआ’ या उद्योजक संघटनांच्या कार्यक्रमांत भेटतात, एचआरवाले एकमेकांना फोन करून विचारतात. पुण्यात एखाद्या मुलाखतीला न कळवता दांडी मारली तर ती गर्दीत विरून जाईल. इथे नाव लक्षात राहते. याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्या : नीट, वेळेवर दिलेला नकारही लक्षात राहतो आणि चांगल्या कारणासाठी राहतो.

कॅम्पसचा उपाय साधा आहे, पण तो आधी करायचा असतो. ज्या कंपनीत जायचेच नाही तिच्यासाठी नाव नोंदवू नका. प्लेसमेंट ऑफिसरांशी नोंदणीच्या वेळीच बोला : ‘सर, मला डिझाइनमध्येच जायचे आहे, या कंपनीला मी बसत नाही.’ त्या वेळी ते दोन शब्द सुनावतील. शेवटच्या फेरीतून पळ काढल्यावर जे सुनावतील त्यापेक्षा ते बरेच सौम्य असतील, आणि पुढच्या वर्षी ती कंपनी तुमच्या कॉलेजात यायचे टाळणार नाही.

बिडकीनबद्दल थोडे बोलायला हवे, कारण सध्या पुष्कळ मुले त्या आशेवर हातातल्या मुलाखती सोडत आहेत. शेंद्रा-बिडकीनची ऑरिक वसाहत सुमारे दहा हजार एकरांची आहे. टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारशी सामंजस्य करार केला, एथरचा दुचाकींचा प्रकल्प ठरला, जेएसडब्ल्यूचे नाव आले. या बातम्या खऱ्या आहेत आणि आनंदाच्या आहेत. पण करार, जमीन, बांधकाम, यंत्रे आणि मग भरती, असा तो क्रम असतो. त्याला वर्षे लागतात. आणि भरती होईल तेव्हाही दोन वर्षे लाइनवर काम केलेल्या मुलाला घरी बसलेल्या मुलापेक्षा आधी बोलावतील. तेव्हा ‘टोयोटा येतेय’ हे आजच्या मुलाखतीला नाही म्हणण्याचे कारण होऊ शकत नाही. काम आवडत नाही, तब्येतीला झेपत नाही, आपल्या विषयाचे नाही, ठेकेदारावर विश्वास नाही, ही कारणे होऊ शकतात.

घरची परिस्थिती हा विषय वेगळा आहे आणि त्याबद्दल मी हलकेपणाने बोलणार नाही. सलग दोन वर्षे पाऊस दगा देतो, बहिणीचे लग्न असते, शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता सुरू झालेला असतो. अशा घरातल्या मुलाला ‘मनासारखे मिळेपर्यंत थांब’ म्हणणे बरोबर नाही. त्याने मुलाखत द्यावी, मनापासून द्यावी आणि मिळाली तर नोकरी घ्यावी. पण ती मग ‘नको असलेली’ राहत नाही. ती वर्षभरासाठी हवी असलेली होते. पहिल्याच महिन्यात ठरवून टाकावे, की इथून मी नेमके काय शिकून निघणार : सीएनसी सेटिंग, पीपीएपीची कागदपत्रे, काहीही असो. आणि वडिलांनीही एक करावे. मुलाने नाही म्हटले तर ‘माज आला’ असे म्हणण्याआधी कारण विचारावे. तो सांगेल ते कारण तुम्हाला पटेल असे नाही, पण विचारले म्हणजे तो पुढच्या वेळी लपवणार नाही.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांसाठी दोन ओळी. औरंगपुरा आणि टीव्ही सेंटरच्या अभ्यासिकांत बसलेल्यांना हे ठाऊक असते, पण उत्साहात विसरते. राज्यसेवेत एकच मुलाखत अनेक पदांसाठी असते, त्यामुळे नको असलेल्या पदाचा निर्णय मुलाखतीच्या खोलीत होत नाही, पसंतीक्रम भरताना होतो. जे पद मिळाले तरी घेणार नाही, ते पसंतीक्रमात लिहू नका. आणि त्यातूनही नको असलेले पद वाट्याला येणार असे दिसले, तर लोकसेवा आयोगाने ‘ऑप्टिंग आऊट’ची सोय दिलेली आहे. गुणवत्ता यादी लागल्यावर दिलेल्या मुदतीत भरतीप्रक्रियेतून बाहेर पडता येते, आणि ती जागा खालच्या उमेदवाराकडे जाते. आधीच वर्ग एकच्या पदावर असलेल्या, किंवा दुसरीकडे निवड झालेल्या प्रत्येकाने ही सोय वापरावी असे मला कळकळीने वाटते. ज्या अभ्यासिकेत आपण चार वर्षे काढली, तिथेच कुणीतरी एका गुणाने मागे राहिलेला असतो.

ज्यांना नोकरी आहे आणि दुसरीकडच्या मुलाखती सुरू आहेत, त्यांचा मोह निराळा : ऑफर मिळवायची, जायचे नाही, पण ती दाखवून इथला पगार वाढवून घ्यायचा. एकदा जमते. त्यानंतर साहेबांच्या मनात तुम्ही जाणारा माणूस म्हणून बसता, आणि ज्यांची ऑफर वापरली तेही विसरत नाहीत. पगार कमी वाटत असेल तर केलेल्या कामाची यादी घेऊन सरळ मागा.

नाही कसे म्हणावे यातच बहुतेकांचे घोडे अडते, म्हणून मजकूरच देतो. फोन करावा हे उत्तम. धीर होत नसेल तर ई-मेल किंवा व्हॉट्सॲप चालेल. ‘नमस्कार मॅडम, शुक्रवारच्या फायनल राऊंडसाठी माझी निवड केल्याबद्दल आभारी आहे. विचारांती मी या जागेच्या प्रक्रियेतून माघार घेत आहे. माझी वेळ दुसऱ्या उमेदवाराला देता यावी म्हणून आजच कळवत आहे.’ एवढे पुरे. ‘आजोबा ॲडमिट आहेत’ असे खोटे लिहू नका. ते पुढची तारीख देतील आणि तुम्हाला आजोबांना पुन्हा आजारी पाडावे लागेल. कंपनीची उणीदुणी काढू नका. कारण विचारलेच तर एका वाक्यात सांगा : ‘मला डिझाइनमध्ये काम करायचे आहे’ किंवा ‘रात्रपाळी मला जमणार नाही.’ कधी कधी यावरच समोरून ‘मग आमच्या टूल रूममध्ये जागा आहे, बघता का?’ असे विचारले जाते. तेव्हा तुमच्याकडे निर्णय फिरवू शकणारा नवा प्रश्न आला, आणि मग जरूर जा.

मामांच्या किंवा वडिलांच्या मित्राच्या शब्दावर मुलाखत मिळाली असेल तर क्रम बदला. आधी मामांना भेटा, फोनवर नव्हे, घरी जाऊन. त्यांना कारण सांगा. मग एचआरला कळवा. त्यांना कंपनीतून कळले तर तुमची एक नोकरी जाते आणि त्यांचा शब्द जातो. त्यांच्या शब्दावर पुढे गावातल्या आणखी कुणाला तरी आत जायचे असते.

ऑफर स्वीकारून झाली असेल तरीही, जॉइनिंगच्या सकाळी फोन बंद करून बसण्यापेक्षा आठवडाभर आधी सांगितलेले केव्हाही चांगले. त्यांनी तुमच्यासाठी प्रतीक्षा यादीतल्या मुलाला नाही म्हटलेले असते. आठवडा हाताशी असेल तर त्याला परत बोलावता येते.

शुक्रवारी अकराची वेळ असेल आणि जायचे नाही हे पक्के झाले असेल, तर गुरुवारी दुपारपर्यंत फोन करा. ऑफिस उघडे असते, आणि दुसऱ्या कुणाला तरी सिल्लोडहून सकाळची एसटी पकडायला तेवढा वेळ लागतो.